लिंबू उमरग्याला पोचेपर्यंत

आमच्या घरमालकांइतका धाराशिव जिल्हा तोंडपाठ असलेला माणूस दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका हा जिल्हा न पाहिलेला माणूसही दुसरा नसेल. एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे कळायचं तर तुम्हाला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत यावं लागेल. तिथं फिकट हिरव्या रंगाचं एक बैठं घर आहे, अंगणात कागदी लिंबाचं झाड आहे, आणि त्या झाडाच्या पलीकडच्या दोन खोल्यांत मी शिक्षिका म्हणून या गावात आले तेव्हापासून भाड्यानं राहते. घरमालकांना सगळी गल्ली चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या पत्नी त्या चाची. शाळेतली पोरं मला 'बाई' म्हणतात हे ऐकून तीही दोघं मला बाईच म्हणू लागली, आणि माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही शंका आहे.

चाचांनी उभी हयात बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात घालवली. आवाज असा, की झोपलेला प्रवासी उठून बसावा आणि बसलेल्यानं पिशवी उचलावी. परांडा, भूम, कळंब, लोहारा, उमरगा. कुठली गाडी कुठं थांबते, कुठल्या फाट्यावर उतरलं म्हणजे कुठल्या गावाला पायी जाता येतं, हे त्यांना असं माहीत होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कालच तिथून आला. प्रत्यक्षात लहानपणी पोलिओनं त्यांचे दोन्ही पाय नेले होते. घरापासून खिडकीपर्यंत ते हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर जात, आणि एकदा आत बसले की बाहेरून दिसे ते फक्त डोकं, खांदे आणि माईक. गाडीची पायरी त्यांच्या कुवतीबाहेर. लाखो लोकांना तुळजापूरला धाडणारा हा माणूस स्वतः तुळजापूरला गेला नव्हता, आणि हे खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या एकालाही माहीत नव्हतं.

खिडकीतला आवाज घरीही सुटला नव्हता. बोलताना चाचा आपल्यासारखंच 'लई' आणि 'न्हाय' करत, पण काही महत्त्वाचं सांगायचं झालं की मान ताठ व्हायची, घसा साफ व्हायचा आणि एकदम शुद्ध मराठी सुरू व्हायची. "स्वयंपाकघरातून येणारा चहा ओसरीवर लागत आहे." पाहुणे फार वेळ बसले की, "शेवटची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." आणि प्रत्येक घोषणा दोनदा. मी एकदा म्हटलं, चाचा, घरात आम्ही तीनच माणसं, एकदा सांगितलं तरी ऐकू येतं. ते म्हणाले, "बाई, घोषणा दोनदाच करायची असते. पहिली गाडीसाठी, दुसरी माणसासाठी." याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आणि त्यांनी तो समजावलाही नाही.

चाचींकडे मात्र त्यांचा एक वेगळाच हिशेब चाले. नवराबायकोची भांडणं त्यांच्यात रीतसर व्हायची. चाचा हट्टी, चाची त्याहून हट्टी, आणि तोंडानं चूक कबूल करणं चाचांच्या रक्तातच नव्हतं. पण घर बसस्थानकाच्या अगदी पाठीशी. सकाळी भांडून डबा न घेता गेलेले चाचा दुपारी माईकवर एकाएकी म्हणायचे, "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." कुठलीही गाडी उशिरा नसताना. फलाटावरचे लोक एकमेकांकडं बघत राहायचे. इकडं चाची भाकरी थापता थापता थांबायच्या, दुसऱ्यांदा ऐकून घ्यायच्या, आणि मग डबा भरून खिडकीवर नेऊन द्यायच्या. मी राहायला आले त्या पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं, या बसस्थानकाचा कारभार फारच ढिसाळ आहे, रोज कुठली तरी गाडी उशिरा.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, शेतीत लक्ष घालतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात. चाचांनी जाहीर केलं, "आता मी प्रवासी." चांगली चाकाची खुर्ची घेतली आणि बेंबळीच्या दत्तूला गाठलं. दत्तू म्हणजे 'छोटा हत्ती' टेम्पो चालवणारा, चाळिशी ओलांडलेला, आठवडाभर बाजाराला कांदे आणि कोथिंबीर नेणारा माणूस. रविवारी गाडी रिकामी असायची. चाचांनी बाभळीच्या दोन लांब फळ्या करून घेतल्या. त्या गाडीच्या मागच्या फाळक्याला टेकवायच्या, त्यावरून खुर्ची वर चढवायची, चारी बाजूंनी दोरीनं बांधायची, वर छत्री. बाजूला चटईवर चाची, आणि सुट्टी असली की मी. अशी ती आमची स्वारी रस्त्यानं निघाली की बांधावरचे लोक हात जोडायचे, कारण त्यांना वाटायचं कुणी महाराज चाललेत. चाचाही न चुकता उजवा हात वर करून आशीर्वाद द्यायचे.

आता यातला मुख्य कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. चाचांना ढकललेलं चालायचं, उचललेलं चालायचं नाही. ढकलताना चाक जमिनीवर असतं, म्हणायचे, आणि चाक जमिनीवर असलं की माणूस प्रवासी. उचललं की सामान. पण आमच्या भागातली माणसं फार प्रेमळ. तहानलेल्याला पाणी देतील, वाट चुकलेल्याला गाडीवर बसवून सोडतील, आणि खुर्चीत बसलेला माणूस पायरीपाशी दिसला की 'उचलू का' असं विचारायच्या आत उचलतील. चौघं येतात कुठून हे कळत नाही, पण चौघंच येतात, आणि पाचवा 'जपून, जपून' म्हणायला येतो. सगळ्यात पुढं आमचा दत्तू. "चाचा, उचलतो की. कांद्याचं पोतं जड असतंय तुमच्यापरीस." चाचा म्हणायचे, "दत्तू, पोत्याला विचारलं होतं का तू कधी?"

ढोकीला एका लग्नात तर कमाल झाली. जेवण आटोपून चाचा हात धुवायला निघाले होते. वाटेत मांडवाच्या दोऱ्या, म्हणून क्षणभर थांबले, एवढाच त्यांचा गुन्हा. कारखान्यावरच्या चार दणकट गड्यांनी खुर्चीसकट उचललं आणि थेट स्टेजवर नवरीशेजारी नेऊन ठेवलं. फोटोवाल्यानं लगेच फोटो काढला. खाली उतरायला वाट नाही, खरकटा हात तसाच वर धरलेला, आणि पुढं आहेर करायला लोकांची रांग. शेवटी चाचांनी डाव्या हातानं माईक मागून घेतला. "लक्ष द्या. हात धुण्यासाठी निघालेली गाडी चुकून स्टेजवर आलेली आहे. कृपया ती होती त्या फलाटावर परत न्यावी." मांडव हसून लोळला. चाचाही हसले. पण परतताना गाडीत चाचींनी वाटभर त्यांच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला होता.

उतार तपासायची त्यांची स्वतःची रीत होती. सदऱ्याच्या खिशात नेहमी अंगणातली लिंबं. कुठंही रॅम्प दिसला की वरच्या टोकाला लिंबू ठेवायचं, सोडायचं, आणि आपण उमरग्याची गाडी पुकारायला लागायचं: तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा. लिंबू नळदुर्गच्या आत खाली पोचलं तर उतार नापास, त्यावर खुर्ची सोडली तर माणूस तोंडावर पडणार. उमरग्यापर्यंत टिकलं तर पास. हे शास्त्र नव्हतं, याची त्यांनाही कल्पना होती. लिंबू एका बाजूनं चपटं असलं तर निकाल बदलायचा, आणि जो दुकानदार चाचांना आवडायचा त्याच्या दारात ते गावं जरा भरभर पुकारायचे, हे मी स्वतः ऐकलंय.

उमरग्याच्या अलीकडं हमरस्त्यावर एक लॉज आहे. तिथं एकदा आम्ही मुक्काम केला. रॅम्प होता, पण रस्त्यावरून खाली दारापर्यंत घसरगुंडीसारखा. चाचांनी पहाटे उठून लिंबू सोडलं. ते नळदुर्गची वाट न बघता सुसाट गेलं आणि उंबऱ्याला लागून थांबलं. चाचा नापास म्हणाले आणि अंघोळीला गेले. लिंबू तिथंच. नेमकी त्या दिवशी अमावास्या. मालक आला, उंबऱ्यावर लिंबू पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. वेटर आत येईना, ट्रकवाले चहाला थांबेनात, आतली गिऱ्हाइकं बाहेर पडेनात. उतारा काढणाऱ्या बाबाला फोन गेला. तेवढ्यात चाचा आले, वाकले, लिंबू उचललं, सदऱ्याला पुसलं आणि खिशात टाकलं. मालकाचे हात जोडलेले. "बाबा, आमच्याकडून काय चुकलं?" चाचांनी संधी सोडली नाही. म्हणाले, "उतार चुकला." मालकानं आठ दिवसांत उतार खोदून लांबलचक आणि सोपा करून घेतला. आजही त्याला वाटतं, त्यानं करणी परतवली. चाचा म्हणायचे, "बाई, कायदा दाखवला तर म्हणतेत बघू. लिंबू दाखवलं तर लगेच झालं. आता मी लिंबूच दाखवत जाईन."

जुन्या दगडांवर त्यांचा राग नव्हता. गावाबाहेरच्या लेण्यांपाशी गेलो तेव्हा ते खालीच थांबले, वर बघत राहिले, आणि चाची व मी पाहून आल्यावर खोदकामातलं सगळं आमच्याकडून विचारून घेतलं. मला वाईट वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं. "बाई, त्या काळच्या लोकांना मी येणार हाय हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांना कशाला नावं ठेवायची? पण परवा ज्यांनी सिमेंट कालवलं, त्यांना तर मी स्वतः जाऊन कळवलं होतं." आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रवासाच्या दिवशी चाचा सकाळपासून चहा घेत नसत, पाणी नुसतं ओठाला लावत. मला वाटायचं, उपवास असेल, मन्नत असेल. चाचींनी एकदा हळूच सांगितलं, "कुठल्याच ठिकाणच्या संडासाच्या दारातून खुर्ची आत जात न्हाय, बाई. मग प्यायचं कशाला?" इतक्या वेळा आम्ही वाटेत थांबून, त्यांच्यासमोर बसून, बशा भरभरून चहा प्यायलो होतो, आणि ते आम्हाला घोषणा करून वाढत होते. त्या आठवणीनं मला अजून चहा गोड लागत नाही.

चाची स्वतःसाठी काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची एकच इच्छा होती. नळदुर्ग सोडून उमरग्याकडं जाताना आत वळलं की त्यांचं माहेर. गावाजवळ तलाव आहे. तो भरला की सांडव्यावरून पाणी खाली खडकावर कोसळतं. तलाव दर वर्षी भरत नाही. आमच्याकडं पाऊस म्हणजे येईल तेव्हा पाहुणा. पण भरला की चाची पोरवयात तिथं तासन्‌तास बसायच्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला सांगत आल्या होत्या, "तुमच्या माईकपेक्षा मोठा आवाज मी एकच ऐकलाय, तो तिथल्या पाण्याचा. एकदा माझ्यासंगं येऊन बसा तिथं, मग सांगा." चाचा म्हणायचे, बघू. माईकची त्यांना फार घमेंड होती.

आणि एका वर्षी त्या जागेचं पर्यटनस्थळ झालं. पाण्यासमोर कठडा घातलेला सुंदर सज्जा, बाकडी, फरशी. चाचांनी काम सुरू असतानाच अर्ज दिला होता की पायऱ्यांबरोबर उतारही ठेवा. तलाव तुडुंब भरल्याची बातमी आली त्या रविवारी आम्ही निघालो. चाचींनी जांभळी साडी नेसली होती, डब्यात नवऱ्याला आवडणारे शिरखुर्म्याचे दोन वाडगे, आणि गाडीत त्या इतक्या बोलत होत्या की दत्तूनं दोनदा वळण चुकवलं. पोचलो. गाडी उभी केली तिथून पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता, तुषारही दिसत होते, पाणी मात्र दिसत नव्हतं. ते खालच्या सज्ज्यातून दिसायचं, आणि सज्ज्याला जायला नव्याकोऱ्या पायऱ्या होत्या. नुसत्या पायऱ्या.

चौघं लगेच जमले. दत्तू बाह्या सरसावून म्हणाला, "चाचा, आजच्या दिस तरी. चाचीकडं बघा की." चाची खाली वाकून, अगदी हळू म्हणाल्या, "एकदाच उचलू द्या ना. माझ्यासाठी." चाचांनी पायऱ्यांकडं पाहिलं, त्या चौघांकडं पाहिलं, त्यातल्या एकानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं होतं. चाचांचा चेहरा मी विसरणार नाही. ते म्हणाले, "तू जाऊन ये. उतार झाला की मी येतो. पुढच्या खेपेला नक्की." चाची क्षणभर थांबल्या, चपला काढून त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि एकट्या पायऱ्या उतरून गेल्या. मी मुद्दामच गेले नाही. चाचा दोन्ही हातांनी त्या चपला धरून आवाज ऐकत बसले होते.

बऱ्याच वेळानं चाची वर आल्या. अख्ख्या भिजलेल्या. आल्या त्या सरळ खुर्चीसमोर उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांत धरला आणि चाचांच्या तोंडावर पिळला. "हे घ्या. एवढंच वर आणता आलं." चाचांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि चाची हसत होत्या, रुसवा कुठंच नव्हता. मग आम्ही गाडीच्या सावलीत बसून शिरखुर्मा खाल्ला. परतीच्या वाटेवर चाचांनी एकही घोषणा केली नाही.

त्यानंतर चाचा त्या उताराच्या मागं हात धुऊन लागले. पर्यटनाचं काम पाहणारे साहेब भले होते, खुर्ची दिसली की उठून बाहेर यायचे, कारण त्यांच्या कचेरीलाही पायऱ्या होत्या. नकाशावर त्यांनी उतार चांगला लांब काढून दिला. पण तो जिथं वळायचा तिथं कंत्राटदाराला गावाच्या नावाची, 'आय लव्ह'च्या लाल बदामाची ती मोठी अक्षरं बसवायची होती, ज्यांच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात. मग उतार अर्ध्यात तोडला आणि उरलेली उंची आहे त्या जागेत कोंबली. आम्ही पाहायला गेलो. लिंबू तुळजापूरच्या आतच बदामाला जाऊन आपटलं. चाचा म्हणाले, "बदाम पास, उतार नापास." आम्ही हसलो. परत अर्ज, परत खेटे. पुढच्या वर्षी तलाव भरला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी निम्मा भरला. चाची म्हणायच्या, "घाई न्हाय. पाणी कुठं पळून जातंय?" आणि त्या थंडीत चाचींच्या छातीत कफ साठला, दवाखाना झाला, चार दिवस बरं वाटलं, आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या.

घरातल्या घोषणा बंद झाल्या. ओसरीवर चहा यायचा तो मुकाट्यानं. लिंबं झाडाखाली पडून पिवळी पडायची, सुकायची, कुणी उचलत नव्हतं. खिडकीत आता नवीन माणूस होता आणि बरेचदा रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. ती दिलगीर आहोत म्हणाली की चाचा ओसरीवरून उठून, म्हणजे खुर्ची वळवून, आत जायचे. दत्तू रविवारी येऊन नुसता बसायचा. फळ्या भिंतीला टेकलेल्या. मी म्हटलं, चाचा, जवळच कुठं तरी जाऊ. ते म्हणाले, "गाडी रद्द झालीय, बाई." एकदाच म्हणाले.

यंदा भादव्यात तलाव भरला. आणि त्याच सुमारास साहेबांचा फोन आला की उतार नवीन झालाय, बदाम हलवलाय, येऊन बघून जा. चाचांनी फोन ठेवला आणि बराच वेळ झाडाकडं पाहत बसले. रविवारी सकाळी मी दार उघडलं तर दत्तूची गाडी उभी होती, फळ्या लागल्या होत्या, आणि चाचा धुतलेल्या सदऱ्यात तयार होते. चटईची ती जागा आम्ही तशीच ठेवली. मी पलीकडं बसले. बांधावरच्या लोकांनी हात जोडले, पण चाचांनी आशीर्वाद दिला नाही.

उतार खरंच सुंदर होता. लांब, दोन वळणांचा, दोन्ही बाजूंना हाताला येईल असा कठडा. चाचांनी खिशातून लिंबू काढलं आणि सोडलं. हळू आवाजात म्हणू लागले, तुळजापूर. लिंबू रमतगमत निघालं. नळदुर्ग. जळकोट. पहिल्या वळणाला दत्तूनं ते पायानं जरासं वळवलं, तेवढं चालतं. येणेगूर. उमरगा म्हटलं तेव्हा लिंबू शेवटच्या फरशीवर येऊन थांबत होतं. पास, असं म्हणायला हवं होतं. चाचांनी नुसते चाकांवर हात ठेवले आणि खाली निघाले. दत्तूनं आपले हात पाठीमागं बांधून घेतले होते. उचलायची सवय हाताला लागलेली, भरवसा नव्हता.

सज्ज्यात बरीच माणसं होती. त्यांनी खुर्चीला वाट करून दिली आणि पुन्हा आपापल्या फोटोंत गुंतली. उचलायला कुणीच धावलं नाही, कारण उचलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चाचा कठड्याला चाकं टेकवून थांबले. समोर पाणी. तुषार थेट तोंडावर येत होते, चष्मा भिजला, दाढी भिजली, त्यांनी पुसली नाही. इतकं साधं होतं ते सगळं. थोडं सिमेंट, थोडी जागा, आणि थोडं आधी. मला फार राग आला आणि कुणाचा ते कळेना, कारण आता सगळं नीट झालेलं होतं.

खूप वेळानं चाचा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, त्या दिवशी उचलू द्यायला पाहिजे होतं का हो?"

मी वर्गात पोरांना रोज उत्तरं देते. पण इथं होय म्हटलं असतं तर त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं खोटं पडत होतं, आणि नाही म्हणायला चाचींचा तो पिळलेला पदर आडवा येत होता. मी दत्तूकडं पाहिलं. तो कठड्याच्या पलीकडं बघत होता.

मग चाचांनी मान ताठ केली, घसा साफ केला. चाची गेल्यापासून तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. "लक्ष द्या. धाराशिवहून येणारी गाडी उशिरा पोचलेली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." चाची म्हणायच्या ते खरंच होतं. पाण्याचा आवाज मोठा होता. शेजारी सेल्फी काढणाऱ्या पोरींनाही ते ऐकू गेलं नाही, फक्त दत्तूला आणि मला गेलं. पण घोषणा दोनदा करायची असते, दुसरी माणसासाठी, म्हणून चाचांनी ती परत सुरू केली, आणि दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज 'दिलगीर'पर्यंतच पोचला.